शास्त्रात तसं लिहिलेलं नाही

बायबलबद्दलच्या चुकीच्या समजुतींचा विषय निघाला की पहिल्यांदा आठवतं ते सफरचंद. एदेन बागेतलं ते फळ कोणतं होतं हे उत्पत्तीच्या तिसऱ्या अध्यायात सांगितलेलंच नाही. आपल्या ओळखीचं एकच झाड त्या अध्यायात आहे, ते अंजिराचं, आणि तेही पानांपुरतं. पाठोपाठ येतात नाताळच्या देखाव्यातले तीन राजे. मत्तयाने त्यांचा आकडा दिलेला नाही, त्यांना राजे म्हटलेलं नाही, आणि ते गोठ्यात नव्हे तर घरात गेले असं लिहिलं आहे. भेटी तीन होत्या, म्हणून माणसंही तीन झाली. योनाला गिळलं ते एका मोठ्या माशाने, एवढंच योनाचं पुस्तक सांगतं. २५ डिसेंबर ही तारीख चारही शुभवर्तमानांत कुठे नाही.

रविवारच्या शाळेत मुलांना हे सगळं सांगायला मला आवडायचं. आपल्याला पाठ असलेली गोष्ट पुस्तकात वेगळीच आहे, हे मुलांना फार भावतं. पण या समजुतींनी कुणाचं काही बिघडत नाही. गव्हाणीपाशी तीन पुतळे ठेवले काय आणि पाच ठेवले काय, नाताळ तोच. मग्दालीया मरीयेची गोष्ट मात्र तशी नाही. ती वेश्या होती असं एकाही शुभवर्तमानात म्हटलेलं नाही. ५९१ साली पोप ग्रेगरी यांनी एका प्रवचनात तिची आणि लूकच्या सातव्या अध्यायातल्या निनावी पापी स्त्रीची सांगड घातली. पुढे जवळजवळ चौदाशे वर्षं तो डाग तिच्या नावाला चिकटून राहिला. येशूच्या पुनरुत्थानाची बातमी सर्वांत आधी पोचवणारी ही बाई, आणि लोकांच्या लक्षात राहिलं ते तिने कधी न केलेलं काहीतरी. जिवंत माणसांच्या बाबतीतही असंच घडतं, हे मी नोकरीत पाहिलं.

विदर्भातल्या एका मिशनच्या कुष्ठरोग दवाखान्यात मी बरीच वर्षं समुपदेशक होते. वॉर्डात सगळे ‘बाई’च म्हणायचे. सकाळची प्रार्थना, पेशंटशी बोलणं, घरच्यांची समजूत काढणं, गावोगावच्या मंडळ्यांमध्ये जाऊन पाळकांना आणि पंचांना भेटणं, हे माझं काम. पेशंट सगळ्या जातिधर्मांचे असत, ख्रिस्ती त्यात थोडेच. कुणाच्या धर्मात मी ढवळाढवळ केली नाही. पण ख्रिस्ती पेशंट आला की कामाला वेगळी धार यायची, कारण त्याच्याविरुद्धचा पुरावा म्हणून घरचे जे पुस्तक पुढे करत तेच माझ्या टेबलावरही असायचं. इतर घरांत गेल्या जन्मीचं पाप काढलं जायचं, आमच्या घरांत लेवीयचा तेरावा अध्याय.

एक मावशी आठवतात. शेतमजुरी केलेलं शरीर, वय पन्नाशीच्या आसपास, उजव्या तळव्याला जुनी जखम. गोळ्यांचा कोर्स कधीच पूर्ण झाला होता. रोग बरा झाला होता, पाय मात्र बधिर राहिला होता. घराच्या मागे गोठ्याला लागून त्यांना खोली दिलेली, ताट-पेला वेगळा. चर्चमध्ये त्या व्हरांड्यात बसत. प्रभुभोजनाच्या दिवशी पेल्यांचा ट्रे दारापर्यंत येई आणि तिथूनच मागे वळे. त्यांचे थोरले दीर मंडळीचे वडील होते, आणि त्यांनीच त्यांना लेवीयमधलं वाचून दाखवलं होतं, की अशा माणसाने छावणीबाहेर एकटं राहावं. मावशींना त्याचा राग नव्हता. देवानेच सांगितलंय तर भाऊजी तरी काय करणार, असं त्या म्हणायच्या.

सकाळी वॉर्डाबाहेर प्लॅस्टिकच्या टबांची रांग लागते. पेशंट अर्धा तास पाय पाण्यात भिजवून बसतात. मग खरखरीत दगडाने घट्टे घासायचे, आणि पाय ओला असतानाच तेल लावायचं, म्हणजे कातडी मऊ राहते आणि भेगा पडत नाहीत. या अर्ध्या तासात कुणाला उठता येत नाही, म्हणून वाचायला ही उत्तम वेळ. मी मावशींना विचारलं, भाऊजींनी वाचलेला अध्याय पूर्ण वाचू का? त्या म्हणाल्या, वाचा.

तो अध्याय लांबलचक आहे. याजकाने डाग पाहायचा, त्यातले केस पांढरे झालेत का, तो कातडीच्या आत गेलाय का ते बघायचं, सात दिवस थांबायचं, पुन्हा बघायचं. मावशी ऐकत होत्या. मग कपड्यांचा भाग आला. लोकरीच्या, तागाच्या किंवा कातड्याच्या वस्तूवर हिरवट किंवा तांबूस डाग पडला तर तीही सात दिवस बंद करून ठेवायची. मावशींनी मान वर केली. “लुगड्याले बी हा रोग होते काय?” मी पुढे वाचत गेले. चौदाव्या अध्यायात हाच रोग घराच्या भिंतीला होतो. याजकाने घर बंद करायचं, डागाळलेले दगड काढायचे, गिलावा खरवडून गावाबाहेर टाकायचा आणि नवा लावायचा. “म्हणजे वल चढली,” मावशी म्हणाल्या. “मंग पावसाळ्यात आमचं सारं गाव बाटलेलं.”

पण त्यांना सगळ्यात मोठा धक्का बसला तो तेराव्या अध्यायाच्या मधल्या एका नियमाचा. डाग डोक्यापासून पायापर्यंत पसरून माणूस सगळाच पांढरा झाला असेल तर याजकाने त्याला शुद्ध ठरवायचं! हा भाग त्यांनी पुन्हा वाचायला लावला. मग त्या बराच वेळ टबातल्या पायाकडे बघत राहिल्या आणि म्हणाल्या, “बधिर होते असं कुठंच नाही लिहिलं?” नाही लिहिलेलं. “माह्या पायाखाली विस्तव आला होता, मले वास आला तवा समजलं.”

कुष्ठरोगाची सगळ्यात मोठी खूण एका वाक्यात त्यांनी सांगितली, आणि ती खूण लेवीयमध्ये नाही. मूळ हिब्रू शब्दाच्या वादात मी कधी शिरत नसे, अध्यायातल्या खुणाच पुरेशा असतात. कपड्याला आणि भिंतीला होणारा, अंगभर पसरला की शुद्ध ठरणारा आणि संवेदना जाते असं ज्याबद्दल कुठेही लिहिलेलं नाही तो विकार म्हणजे आमच्या वॉर्डातला आजार म्हणता येत नाही. आमच्या आजाराचे जंतू १८७३ साली नॉर्वेत हॅन्सन यांनी शोधले. बोटं ‘झडतात’ हीही समजूतच. वेल्लोरला डॉ. पॉल ब्रँड यांनी दाखवून दिलं की मांस आपोआप सडत नाही. दुखतच नाही म्हणून माणूस भाजून घेतो, कापून घेतो, जखमेवर चालत राहतो, आणि बोटं त्यापायी जातात.

चौदाव्या अध्यायाची सुरुवात सहसा कुणी वाचत नाही. तेरावा अध्याय माणसाला बाहेर काढतो आणि चौदावा त्याला परत आणतो, पण लोकांनी पहिला पाठ केला आणि दुसरा सोडून दिला. बरं झालेला माणूस याजकाकडे स्वतःहून येऊ शकत नाही, म्हणून याजकानेच छावणीबाहेर त्याच्याकडे जायचं असं तिथे लिहिलं आहे. मग पक्षी, गंधसरूचं लाकूड, किरमिजी धागा, एजोब, आणि शेवटी याजकाने त्याच्या उजव्या कानाला, उजव्या हाताच्या अंगठ्याला आणि उजव्या पायाच्या अंगठ्याला तेल लावायचं. मावशींच्या हातात तेव्हा तेलाची वाटीच होती.

भाऊजींना भेटायला मी नंतर गेले. माणूस दुष्ट नव्हता. रोज पहाटे उठून शास्त्र वाचणारा, मंडळीसाठी राबणारा. त्याने माझं सगळं शांतपणे ऐकलं आणि विचारलं, मग दोषार्पण कशाला सांगितलंय? पाप नसेल तर दोषार्पण कशाचं? प्रश्न चांगला होता. मी त्यांना आदला, बारावा अध्याय काढायला सांगितला. बाळंत झालेल्या बाईलाही तिथे पापार्पण करायला सांगितलं आहे, आणि बाळंतपण पाप आहे असं म्हणणारा मला अजून भेटलेला नाही. समाजात परत येण्याचे ते विधी होते. हा माणूस आजारी का पडला, याचं उत्तर या अध्यायांत कुठेही दिलेलं नाही.

त्यांच्याकडे आणखी तीन नावं होती: मिर्याम, गेहजी, उज्जीया राजा. तिघांनाही अपराधाची शिक्षा म्हणून हा रोग जडला असं शास्त्रात स्पष्ट आहे. ते नाकारायचं कारण नाही, आणि मी नाकारलं नाही. पण गेहजीची गोष्ट २ राजे पाचव्या अध्यायात शेवटी आहे, आणि तो अध्याय सुरू होतो नामानपासून. अरामचा सेनापती, मानाचा, पराक्रमी, आणि कोडी. त्याने काय पाप केलं याबद्दल तिथे एक अक्षर नाही. पकडून आणलेली एक इस्राएली पोरगी त्याला वाट दाखवते, आणि यार्देनेत बुडी मारून तो बरा होतो. एकाच अध्यायात एकच रोग दोघांना आहे. एकाच्या बाबतीत कारण लिहिलं आहे, दुसऱ्याच्या बाबतीत नाही. जिथे शास्त्राने कारण सांगितलं तिथे ते आहेच. जिथे सांगितलं नाही तिथे आपल्याला ते लिहायचा अधिकार कुणी दिला? भाऊजी लगेच काही बोलले नाहीत. पण पुढच्या वेळी प्रभुभोजनाचा ट्रे दारातून मागे वळला नाही, हे मला मावशींनीच सांगितलं.

माझा अनुभव असा, की घरच्यांपेक्षा पेशंटला पटवणं जास्त अवघड. योहानाच्या नवव्या अध्यायात जन्मापासून आंधळा असलेला माणूस दिसतो आणि शिष्य येशूला विचारतात, पाप कुणाचं, याचं की याच्या आईबापांचं? येशू दोन्ही नाकारतो. लूकच्या तेराव्या अध्यायात शिलोहाचा बुरूज कोसळून अठरा माणसं मेल्याचा विषय निघतो. ती इतर यरुशलेमकरांपेक्षा जास्त अपराधी होती का, असं येशूच विचारतो आणि उत्तरही देतो: नाही. पश्चात्तापाचं बोलतो ते समोर ऐकत उभ्या असलेल्यांना उद्देशून. मेलेल्यांचा न्याय करत बसू नका, स्वतःकडे बघा, असा त्याचा रोख आहे. हे मी वॉर्डात कितीदा वाचलं असेल. ऐकून सुटल्यासारखे चेहरे होतील असं वाटतं ना? पुष्कळांचे होत नसत. “नाही बाई, मीच काहीतरी केलं असेल,” म्हणत माणसं आपला अपराध घट्ट धरून ठेवत.

पुढे मला त्याचं कारण दिसू लागलं. अपराध मान्य केला की निदान हिशेब लागतो. मी चुकलो, मला मिळालं, जग जागेवर आहे. तो हिशेब काढून घेतला की हातात उरतं फक्त दुःख, आणि ते कशासाठी हे कुणालाच ठाऊक नाही. म्हणून कुणाची चुकीची समजूत नुसती खोडून काढून निघून जाणं मला क्रूर वाटतं. योहानाचा तो अध्यायही येशूच्या नकारावर थांबत नाही. आंधळ्याला दिसू लागतं, धर्माचे जाणकार त्याची उलटतपासणी घेतात, आणि शेवटी चिडून जुनाच आरोप त्याच्या तोंडावर फेकतात, की तू जन्मापासून पापात बुडालेला. त्याला हाकलून देतात. हे कळल्यावर येशू त्याला शोधून काढतो. येशूने पाप कुणाच्याही माथी मारलं नाही, आणि माणसाला एकटंही सोडलं नाही. त्या अध्यायातला हाच भाग पेशंट पुन्हा वाचायला सांगायचे.

ज्या समजुतीने शरीराची खरी नासाडी होते ती वेगळी: विश्वास पुरेसा असेल तर औषध लागत नाही. एक तरुण ट्रकड्रायव्हर होता. नसांना सूज आली होती. अशा वेळी स्टेरॉइडच्या गोळ्या आठवडेच्या आठवडे, डोस हळूहळू कमी करत घ्याव्या लागतात, नाहीतर हातापायाची ताकद जाते. बाहेरगावच्या कुठल्याशा प्रार्थना सभेत त्याला सांगण्यात आलं की गोळी खाणं म्हणजे देवावर अविश्वास. त्याने गोळ्या बंद केल्या. परत आला तेव्हा मनगट खाली लोंबत होतं. मला त्या दिवशी आलेला राग अजून तसाच आहे. प्रार्थनेने बरं होतं यावर माझा विश्वास आहे आणि मी रोज वॉर्डात प्रार्थना करत होते. पण औषध सोडा असं शास्त्र सांगतं, हे धडधडीत खोटं आहे. हिज्कीया राजा मरणाला टेकला होता, त्याने प्रार्थना केली, देवाने ऐकली, आणि तरीही यशयाने त्याच्या गळवावर अंजिराचं पोटीस बांधायला लावलं. पौलाच्या सोबत्यांमध्ये लूक हा वैद्य होता. तीमथ्याला पोटाच्या दुखण्यासाठी थोडा द्राक्षारस घे म्हणून पौलानेच लिहिलं. आणि ज्याच्या अंगावरचे रुमाल नेऊन ठेवले तरी आजारी बरे व्हायचे, त्याच पौलाने त्रफिमाला मिलेत इथे आजारी असतानाच मागे ठेवलं. त्रफिमाचा विश्वास कमी पडला, असं पौल म्हणत नाही. स्वतःच्या देहातल्या काट्यासाठी पौलाने तीनदा विनवणी केली आणि तो काटा गेला नाही. हे सगळं मी त्या पोराला दाखवलं. तो म्हणाला, हे त्या सभेत कुणी वाचलं नाही.

वाचत नाहीत, कारण आपल्याकडे शास्त्र तुकड्यांनी पोचतं. ३१ डिसेंबरच्या रात्री भक्तीनंतर पेटीतून वचनाचं कार्ड उचलायचं, ते वर्षभर पाकिटात ठेवायचं. मला ही रीत आवडते, मीही उचलते. पण यिर्मयाच्या एकोणतिसाव्या अध्यायातलं, हिताच्या योजनांचं ते लाडकं वचन बाबेलमध्ये बंदिवान होऊन पडलेल्यांना लिहिलेल्या पत्रातलं आहे, आणि त्याच पत्रात सुटकेला सत्तर वर्षं लागतील असंही सांगितलं आहे. म्हणजे ते पत्र ऐकणाऱ्यांपैकी बहुतेकांची हयात परक्या देशातच जायची होती. कार्डावर सत्तर वर्षं छापत नाहीत. आमच्या दीर्घकाळ राहिलेल्या पेशंटना मात्र ते सत्तर वर्षांसकटचं वचन जास्त जवळचं वाटायचं, कारण ते त्यांना उद्याच घरी जाल असं खोटं सांगत नव्हतं.

पिढीजात शापाची भीतीही अशीच अर्धवट वाचण्यातून येते. निर्गमच्या विसाव्या अध्यायातलं, तिसऱ्या-चौथ्या पिढीचं सगळ्यांना माहीत असतं. यहेज्केलचा अठरावा अध्याय, जिथे बापाचा दोष मुलावर येणार नाही असं देव स्वतः सांगतो, तो लग्नाच्या बोलणीत कुणी काढत नाही. आमच्या पेशंटांच्या मुलींची लग्नं यामुळे मोडलेली मी पाहिली आहेत. देशाच्या कायद्याला तरी कुठे घाई होती? कुष्ठरोग हे घटस्फोटाचं कारण म्हणून ख्रिस्ती, हिंदू, मुस्लिम असे सगळेच कायदे धरून होते, ते कलम निघालं २०१९ साली.

वॉर्डाच्या भिंतीवर एक ख्रिस्ती कॅलेंडर लटकलेलं असे. एका वर्षी त्यावर मोठ्या अक्षरांत ईयोबाच्या आठव्या अध्यायातलं वाक्य होतं, सुरुवात लहान असली तरी शेवट भरभराटीचा होईल अशा अर्थाचं. दुकानांच्या उद्घाटनाला, लग्नाच्या पत्रिकांवर हे वाक्य हमखास असतं. मावशींनी मला विचारलं, हे देव बोलला का? नाही. हे बिल्दद बोलला, ईयोबाचा मित्र. आणि त्याच भाषणात, थोडं आधी, तो ईयोबाला सुचवतो की तुझी मुलं मेली ती त्यांच्या पापामुळे. बिल्दद, अलीफज आणि सोफर यांची भाषणं अध्यायच्या अध्याय चालतात, फार सुंदर आहेत, आणि शेवटी देव म्हणतो की हे तिघे माझ्याविषयी नीट बोलले नाहीत. शास्त्रात छापलेलं प्रत्येक वाक्य देवाचं म्हणणं नसतं. कोण बोलतंय आणि कुणाला, हे आधी बघायला लागतं.

मावशींना ईयोब फार आवडला. टबाच्या वेळेला आम्ही तो हळूहळू पूर्ण केला. मित्रांच्या बाजूने त्यांनी एकच गोष्ट मान्य केली, ती म्हणजे आल्याबरोबर ते सात दिवस आणि सात रात्री त्याच्यासोबत जमिनीवर बसले आणि एक शब्द बोलले नाहीत. “तेवढंच करून गेले असते तं बरं झालं असतं.” शेवटच्या अध्यायात ईयोब त्या मित्रांसाठी प्रार्थना करतो. मी विचारलं, मावशी, तुम्ही भाऊजींसाठी कराल? त्यांनी पाय टबातून काढला, फडक्यावर टेकवला, घासायचा दगड घेतला. “करीन ना. पण आधी त्याईनं माह्या खोलीत येऊन बसावं. सात दिवस नाही तं एक दिवस.”

मी पुस्तक उघडून पुन्हा पाहिलं. बेचाळिसाव्या अध्यायात देव त्या तिघांना आधी ईयोबाकडे जायला सांगतो. ईयोबाची प्रार्थना त्यानंतर येते.